आवाज बदललाय, मॅडम

आमच्या मशीन शॉपच्या पार टोकाला, वॉशिंग मशीनच्या अलीकडे, डीबरिंगचं टेबल आहे. टेबलावर सागाची एक जुनी फळी. सीएनसी मशीनवरून (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) उतरलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग, म्हणजे पार्टचं बाहेरचं कवच, तिथे येतं. होलच्या कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची खरबरीत कोर, स्क्रेपरने काढायची, एअर गनने हवा मारायची आणि नग पुढे धुवायला सोडायचा, एवढंच तिथलं काम. पण त्या टेबलावरच्या मावशी आणखी एक गोष्ट करतात, जी भिंतीवरच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये कुठेही लिहिलेली नाही. हवा मारून झाली की त्या हाऊसिंग उलटं धरतात आणि फळीवर दोनदा हलकेच आपटतात. आत राहिलेला चुरा खाली पडतो. गेली ११ वर्षं त्या हे करताहेत. शिफ्टला साडेतीनशेच्या आसपास नग त्यांच्या हाताखालून जातात.

मी इथली शॉप इन्चार्ज. मागच्या वर्षी मे महिन्यात सकाळच्या राउंडला होते. मावशींनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवस झाले, आवाज बदललाय."

"कशाचा?"

"नगाचा. आधी खणकन वाजायचा. आता बद्द वाजतो."

माझ्या कानाला फोन होता. डिस्पॅचचा माणूस पलीकडून सांगत होता की गाडी अर्धी भरून उभी आहे. मी म्हणाले, "बघते मावशी." आणि पुढे गेले.

मी बघितलं नाही.

बाराव्या दिवशी कस्टमरचा मेल आला. त्यांच्या असेंब्लीत आमच्या हाऊसिंगच्या आडव्या ऑइल होलमध्ये चिप, म्हणजे ड्रिल करताना निघालेला धातूचा तुकडा, सापडली होती. चाकणला त्यांच्या गोडाऊनमध्ये आमचे २,८६० नग पडून होते, ते सगळे तिथेच बसून तपासून द्यायचे होते. तीन रात्री मी, क्वालिटीचा इंजिनिअर आणि शॉपमधली सहा पोरं खाली पुठ्ठे अंथरून बसलो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात टोकाला वाकवलेली तार. ४१ नगांत चिप निघाली. पहिली चिप मीच ओढून काढली. ती बोटावर उलगडली, एखाद्या बारीक स्प्रिंगसारखी, चांगली दोन इंच लांब. एरवी आमच्या ड्रिलची चिप भाताच्या शिताएवढी तुटून पडते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. ड्रिलच्या धारेवर अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसलं होतं आणि कूलंटचं, म्हणजे धार थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, नोझल धक्का लागून जरासं फिरलं होतं. धारेवर पाणी नीट पडेना, चिप तुटेना. लांबच लांब वेटोळी व्हायची आणि दोन होल जिथे एकमेकांना मिळतात तिथे जाऊन फुगून बसायची. हवा मारली तरी ती निघत नव्हती. मावशींच्या फळीवर नग बद्द वाजत होता, कारण त्याच्या पोटात काहीतरी होतं.

मग मीटिंग झाली. काचेची केबिन, नऊ माणसं, मध्ये 'का-का' विचारत जायचा तो कागद. मी विचारलं, "हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं का?" कुणी काही बोललं नाही. सगळे कागदाकडे बघत होते. मीही वाट बघितली नाही. कागदावर लिहिलं, 'ऑपरेटरमध्ये जागरूकतेचा अभाव'. उपाय काय, तर 'प्रशिक्षण दिले'. हे वाक्य गेल्या १९ वर्षांत मी किती कागदांवर लिहिलं असेल ते आठवलं की आता पोटात कालवतं.

संध्याकाळी निघताना टेबलाजवळून गेले. मावशी एप्रनची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "मी सांगितलं होतं की, मॅडम." आवाजात राग नव्हता.

मी विचारलं, "मग परत का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलं. तुम्ही बघते म्हणालात. परत परत सांगितलं तर म्हणतील, म्हातारी उगाच कटकट करते."

दुसऱ्या दिवशी मी कागदावरचं ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'ऑपरेटरने १२ दिवस आधी सांगितले होते. शॉप इन्चार्जने लक्ष दिले नाही.' आमचे साहेब म्हणाले, असं कुणी कस्टमरला लिहून देतं का? कस्टमरला गेलेल्या प्रतीत ते वाक्य गेलं नाही. पण आमच्या फायलीत ते आहे, माझ्या सहीनिशी.

त्या घटनेनंतर मी एका गोष्टीच्या मागे लागले, आणि आज गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी म्हणून तेच सगळं लिहायला बसले आहे. 'आमची माणसं बोलतच नाहीत' अशी तक्रार मी मोशीपासून तळवड्यापर्यंत प्रत्येक कारखान्यातल्या इन्चार्जकडून ऐकली आहे. मीही ती करायचे. हॉटेलात दोन दिवसांचं लीडरशिपचं ट्रेनिंग झालं, त्यातही हेच शिकवलं की माणसांना बोलतं करा. म्हणून मी मीटिंगमध्ये "बोला बोला, घाबरू नका" म्हणायचे. माणसं गप्प. मला आता पक्कं वाटतं की माझी माणसं बोलत होती. बोललेल्याचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही, म्हणून ती गप्प झाली.

याचा पुरावा कँटीनच्या दाराशीच टांगलेला होता. निळ्या पत्र्याची सूचनापेटी. तिची किल्ली एचआरकडे असायची. एचआरचा माणूस बदलला आणि किल्ली कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. शेवटी मेंटेनन्सच्या पोराने मागच्या बिजागरीचे स्क्रू काढले. आत २३ चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांत जुनी आदल्या दिवाळीतली.

मी त्या घरी आणल्या आणि रात्री जेवणाच्या टेबलावर पसरल्या. सात चिठ्ठ्या एकाच अक्षरातल्या होत्या. पहिली पूर्ण पानभर: 'माननीय व्यवस्थापक साहेब यांस, सविनय विनंती अर्ज की, लाइन दोनच्या ट्रॉलीचे उजवे चाक फिरत नसून...' दुसरी अर्ध्या पानाची. तिसरीत 'माननीय' नव्हतं. पाचवी दोन ओळींची. सातव्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: 'ट्रॉली'. तिच्यानंतर त्या अक्षरातली चिठ्ठी नाही. आणखी एक चिठ्ठी बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल होती. 'आतून कडी लागत नाही. एकीला बाहेर उभं राहावं लागतं.' मी ऑफिसच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह वापरते. शॉपमधल्या सात बायका कित्येक महिने जोडीजोडीने का जातात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि एका चिठ्ठीत नुसतं विचारलं होतं, 'ही पेटी कोणी उघडतं का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती ट्रॉली स्वतः ओढून बघितली. भरलेली, १२० नग. उजवं चाक जाम असल्यामुळे ती सतत भिंतीकडे वळायची, आणि सरळ ठेवायला मांडीचा रेटा द्यावा लागायचा. वीस पावलांत माझी कंबर बोलायला लागली. नवीन चाक ३८० रुपयांना आलं. कडी त्याच दिवशी दुपारी बसवली.

माझे वडील पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या शोकेसमध्ये अजून एक पितळी बिल्ला आहे, क्वालिटी सर्कलचा, म्हणजे कामातले प्रश्न एकत्र बसून सोडवणाऱ्या कामगारांच्या गटाचा. जपानमध्ये १९६२ साली काओरू इशिकावा यांच्या प्रयत्नांतून ही सर्कलं सुरू झाली आणि आपल्याकडे १९८० साली भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) हैदराबादजवळच्या कारखान्यातून आली. तिथून ती लाट पिंपरी-चिंचवडपर्यंत पोचली. वडिलांच्या सर्कलमध्ये आठजण होते. लेथच्या खाली तेल गळायचं, तो प्रश्न त्यांनी हातात घेतला होता. प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांवर स्केचपेनने आकृत्या काढून वडील घरी आईसमोर सराव करायचे. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि "हे परत सांगा, नीट कळलं नाही" म्हणायची. ज्या माणसाने शाळेनंतर कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, तो खडूने फरशीवर माशाच्या सांगाड्याची आकृती काढून आम्हाला कारणं समजावत होता. त्या महिन्यांत वडील कामावर जाताना वेगळेच दिसायचे, एवढं मला लहानपणीही कळत होतं.

मी त्यांना विचारलं, सर्कल बंद का पडलं? ते म्हणाले, "बंद कुणी केलं नाही. नवीन साहेब आले. त्यांनी आठवड्याचा अर्धा तास काढून घेतला. म्हणाले, कामानंतर बसा. कामानंतर बस सुटायची."

हे ऐकलं आणि मला आमची स्वतःची मीटिंग आठवली. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. मीटिंग साडेतीनला. कंपनीची बस पावणेचारला. म्हणजे जो तोंड उघडेल, तो बाकी अकरा जणांची बस चुकवणार. अशा मीटिंगमध्ये मीही बोलले नसते.

मीटिंग सकाळी सव्वासातला आणली, लाइनवरच, उभ्याने, पगाराच्या वेळेत. साहेबांनी विचारलं, १५ मिनिटांचे नग कोण भरून देणार? त्याचं उत्तर सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, दिलं. सकाळी स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) गरम व्हायला मशीन तशीही रिकामी फिरवावी लागते. तेवढ्याच वेळात मीटिंग बसवली.

हा सेटर म्हणजे आमचे माऊली. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढी वारीला पायी. जूनमध्ये त्यांच्या रजेच्या अर्जावर सही करताना मी सहज म्हणाले, माऊली, इतकी लाखो माणसं, त्यांची भांडणं-तंटे कोण सोडवतं? त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि मला समाज आरती समजावून सांगितली. पालखी मुक्कामाच्या तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि 'होऽऽ' अशी आरोळी देतात. एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचे नाहीत. ते वाजतच ठेवायचे. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने चालत जातात, काय झालं ते विचारतात, निवाडा होतो आणि मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची माहिती, उद्या निघायची वेळ आणि मग आरती. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यात हे बसलेलं आहे.

"म्हणजे बघा मॅडम," माऊली म्हणाले, "तक्रार असणाऱ्याला ओरडावं लागत नाही. बाकीचे गप्प बसतात."

पंधरा दिवसांनी त्यांनी तळावरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. आधी कानठळ्या बसवणारा गजर, मग आरोळी, मग एकदम शांतता आणि त्या शांततेत लांबून कुठून तरी एकाच दिंडीचे टाळ. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते सांगता येणार नाही. मी गेली कित्येक वर्षं याच्या उलट करत होते. मीटिंगमध्ये पहिली दहा मिनिटं मी बोलायचे, टार्गेट, रिजेक्शन, ऑडिट, आणि मग राहिलेल्या दोन मिनिटांत "कुणाला काही?"

आता सकाळी मी शेवटी बोलते. सगळ्यांत नवीन माणूस सगळ्यांत आधी. आधी जुन्यांना बोलू दिलं तर नवी पोरं त्यांच्याच शब्दाला मान डोलावतात. पहिले नऊ दिवस प्रत्येकाने "सगळं ठीक आहे मॅडम" एवढंच सांगितलं. ती शांतता सोसणं फार अवघड होतं. तोंडातून काहीतरी बाहेर पडू नये म्हणून मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे.

दहाव्या दिवशी उदगीरकडचा एक ट्रेनी पोरगा म्हणाला, "मॅडम, तीन नंबरच्या कूलंटला वास येतोय. हाताला खाज सुटते." त्याने हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे. त्याचं ऐकून आणखी दोघांनी हात पुढे केले. तिथल्या तिथे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात कूलंट किती ते दाखवणारं यंत्र, लावला. कूलंटचं प्रमाण सात-आठ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, ते तीनवर आलं होतं. कूलंट पातळ झालं की त्यात जंतू वाढतात, वास त्याचाच. मी मीटिंग तिथेच संपवली आणि दुपारच्या आत टाकी रिकामी करून धुवून नवीन कूलंट भरून घेतलं. त्या तिघांना दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या दिवशी सव्वासातला चारजण बोलले.

लाइनजवळ एक पांढरा बोर्ड लावला आहे. काय सांगितलं, कुणी सांगितलं, कोण बघणार, कधीपर्यंत, काय झालं. तीन कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, पण कारण लिहायचं. या 'नाही'चं मोल मला एका जुन्या ऑपरेटरने दाखवलं. त्यांनी मशीनजवळ बसायला खुर्ची मागितली. मी लिहिलं, 'शक्य नाही. एक माणूस दोन मशीन बघतो आणि मधून ट्रॉली जाते, खुर्चीने वाट अडेल.' ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर चित्र काढून आले. मशीनच्या बाजूच्या पत्र्याला बिजागरीवर घडीचा पाट. बसायचं तेव्हा उघडायचा, ट्रॉली आली की वर करायचा. कारण लिहिलेलं होतं, म्हणून त्यांना त्या कारणाशीच भांडता आलं. त्याच दरम्यान मी १९४८ चा कारखाने कायदा उघडून बघितला, तर कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की उभं राहून काम करणाऱ्यांना मध्ये संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय करायची. म्हणजे ते मागत होते ते त्यांच्या हक्काचंच होतं. आता सहा मशिनांना पाट आहेत.

कामगारांचा सहभाग ही कल्पना आपल्याकडे काही परवा आलेली नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी कार्यसमितीची तरतूद होती, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असं म्हटलं होतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे तत्त्व कलम ४३-क म्हणून राज्यघटनेत घातलं. हे सगळं मी गेल्या वर्षभरात वाचलं. त्याआधी मला वाटायचं की माणसांचं ऐकणं हा माझा चांगुलपणा आहे.

एका गोष्टीला मी ठाम विरोध करते आणि तो इथे लिहून ठेवते. वरून आदेश आला होता की प्रत्येकाने महिन्याला दोन कैझेन, म्हणजे छोट्या सुधारणा, द्यायचे. महिन्याच्या २९ आणि ३० तारखेला माणसं वहीत डोकं खुपसून बसायची. 'पिवळी रेघ मारली.' 'डब्यावर नाव लिहिलं.' पुढच्या महिन्यात तीच रेघ परत. आकडा भरायचा, भिंतीवर आलेख चढायचा. त्यातून माणसं खोटं लिहायला शिकतात आणि आपण ते खरं मानायला शिकतो. आमच्या शॉपपुरता तो आकडा मी बंद करून घेतला. त्यासाठी दोन महिने मागे लागावं लागलं.

चिप प्रकरणानंतर आम्ही एक नवीन गेज केलं. आडव्या होलमध्ये एक पिन जाते. ती पूर्ण आत गेली तरच लाइट हिरवा होतो आणि नग पुढे सोडता येतो. गेज लावताना टूलरूमचा एक इंजिनिअर मोठ्याने म्हणाला, "आता गाढवालासुद्धा चुकता येणार नाही." मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि एप्रनला हात पुसायला लागल्या. अकरा वर्षांत ज्या बाईच्या कानाने जे पकडलं ते आमच्या एकाही यंत्राने पकडलं नव्हतं, तिच्यासमोर हे बोललं गेलं. मी त्या इंजिनिअरला बाजूला घेऊन जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगोंची गोष्ट सांगितली. चूक होऊच नये अशा रचनेला जपानी कारखान्यांत आधी 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खासाठी केलेली सोय. १९६३ साली अराकावा कंपनीत हा शब्द ऐकून एक कामगार बाई रडायला लागली, मी काय इतकी मूर्ख आहे का, म्हणाली. त्यानंतर शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केलं. नजरचूक टाळायची सोय. आपण रोज तोंडाने म्हणतो तो शब्द एका बाईच्या डोळ्यातल्या पाण्यामुळे तसा झाला आहे. त्या पोराने मावशींची माफी मागितली. गेजच्या पट्टीवर आता 'मावशी गेज' असं कोरलेलं आहे. ते नाव टूलरूमनेच दिलं.

रात्रपाळीची एक गोष्ट सांगते. प्रत्येक मशीनला लाल दिवा आणि बटण आहे. शंका आली तर दाबायचं, सुपरवायझरने यायचं. टोयोटात शंका आली म्हणून कामगाराने लाइनवरची दोरी ओढली तरी लाइन लगेच थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत प्रश्न सुटला नाही तरच ती थांबते. आमच्याकडे बटण होतं, पण कुणी दाबायचं नाही. ऑगस्टमध्ये रात्री दोन चाळीसला एका पोराने दाबलं. बोअरचं (आतल्या भोकाचं) माप हळूहळू वर सरकतोय असं त्याला वाटलं होतं. सुपरवायझरने त्याला सगळ्यांसमोर झापलं. ४० मिनिटं मशीन बंद राहिलं आणि शेवटी माप मर्यादेतच निघालं.

सकाळी मी दोघांना बोलावलं, वेगवेगळं. पोराला म्हणाले, तुझं बरोबर होतं, माप सरकत होतं, आज नाहीतर उद्या बाहेर गेलं असतं, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलायला झालाच होता. सुपरवायझरला झापायचं मी ठरवलं होतं. पण तो म्हणाला, "मॅडम, सकाळी साडेसातला मला पहिला फोन येतो तो किती नग झाले म्हणून. का थांबलं असं कुणी विचारत नाही." तो फोन मीच करत होते. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या व्यवस्थापनाच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दा भीती घालवण्याचा आहे. मी तो नेहमी कामगारांच्या बाबतीत वाचला होता. माझ्या सुपरवायझरच्या मनातली भीती माझ्या फोनमधून जात होती आणि तीच तो खाली वाटत होता. आता शिफ्टच्या रिपोर्टमध्ये 'थांबवलं, कारण' असा वेगळा रकाना आहे. तो वेळ सुपरवायझरच्या खात्यातून वजा होत नाही. आणि सकाळी फोन केला की मी आधी तोच रकाना विचारते.

माझ्या ३४ माणसांपैकी कायम १३ आहेत. बाकी कॉन्ट्रॅक्टवरची आणि ट्रेनी. सात महिन्यांनी ज्याला गेट पास परत द्यायचा आहे, त्याने मशीन सुधारायची सूचना का द्यावी? हा प्रश्न मला एका पोरानेच विचारला, आणि तो अगदी सरळ विचारला. माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. त्याचं म्हणणं मी खाली पडू देत नाही, बोर्डावर त्याचं नाव लिहिते, जाताना त्याने काय काय सुधारलं याचं पत्र माझ्या सहीने देते. दोघांना ते पत्र दुसरीकडे मुलाखतीत उपयोगी पडलं, असं त्यांनी फोन करून सांगितलं. पण पत्र म्हणजे नोकरी नव्हे, हे मला कळतं.

बोर्डावर सध्या १९ ओळी आहेत. १६ पूर्ण झाल्या. तेरा नंबरची ओळ अशी आहे: 'कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कंपनीच्या बसमध्ये जागा नाही. दुसऱ्या पाळीनंतर रात्री पावणेबाराला भोसरी ते दिघी चालत जावं लागतं.' कोण बघणार, तिथे माझं नाव आहे. तारीख तीनदा खोडून बदलली. बसमध्ये रोज अकरा सीट रिकाम्या जातात, मी मोजल्या आहेत. वर दोनदा लिहून दिलंय. काल संध्याकाळपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.

ती ओळ लिहिणारा पोरगा या आठवड्यात पहिल्या पाळीला आहे. शॉपमध्ये सगळ्यांत नवीन तोच, म्हणजे उद्या सव्वासातला पहिला तोच बोलणार. काल जाताना मावशी मला म्हणाल्या, "उद्या नाही, परवा तेरा नंबरची तारीख आहे, मॅडम. लक्षात आहे ना?" मी हो म्हणाले. आत्ता तिसरं पत्र लिहून साहेबांना पाठवलंय आणि उद्या सात वाजता, मीटिंगच्या आधी, त्यांच्या केबिनबाहेर थांबणार आहे.